शंभर टक्के निकाल, पण कितीपैकी?

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले दोन-तीन मास्तर मोटरसायकलवर गावोगाव फिरताना दिसले, तर ते लग्नाच्या पत्रिका वाटत नसतात. पोट्टे शोधत असतात. जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत सातवीला संपते. पुढे आठवीला मूल आमच्याकडे द्या, सायकल देतो, दप्तर देतो, ऑटो दारात पाठवतो, असं सांगत ते उन्हातान्हात हिंडतात. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून मास्तरांची पदं ठरवतात त्या हिशेबात, पद उडतं आणि पद उडालं की मास्तर ‘अतिरिक्त’ ठरतो. तेव्हा त्यांच्यावर हसू नये. पण त्यांचं ऐकून पोराचा दाखलाही काढू नये.

यंदा माझ्या मामेभावाकडे असे तीन शाळांचे मास्तर येऊन गेले. रात्री त्याचा फोन आला. “भाऊ, तिघायचाही निकाल चांगलाच हाय म्हन्तात. पोरीले टाकू कुठं?”

त्यानं मला विचारलं, कारण मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं लिपिक होतो. मास्तर वर्गाकडे पाहतो, हेडमास्तर संस्थेच्या अध्यक्षाकडे पाहतो आणि बाबू पाहतो रजिस्टर. दाखलखारीज, हजेरी, बोर्डाचे फॉर्म, टीसी, सगळं त्याच्या हाताखालून जातं. शाळेचा आकडा कसा तयार होतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. पुढचं सगळं त्या खुर्चीवरून दिसलेलं आहे.

निकालापासूनच सुरू करतो, कारण बसस्टँडवरच्या फ्लेक्सवर तोच असतो. ‘सलग पाच वर्षे १०० टक्के निकाल’. शंभर टक्के, पण कितीपैकी? दहावीला जेवढे बसले तेवढ्यांपैकी. आठवीला जेवढे आले त्यांच्यापैकी नव्हे. सगळी गोम या दोन आकड्यांच्या मधे आहे.

समजा एका शाळेत आठवीला ६१ मुलं होती. ती नववीत गेली तेव्हा ५८ उरली. दहावीचा फॉर्म भरला ४४ जणांनी, पास झाले ४३. फ्लेक्सवर छापून येईल ९७.७३ टक्के. आठवीपासून मोजलं तर ६१ पैकी ४३, म्हणजे ७०.४९ टक्के. आकडे दोन्ही खरे. पहिला संस्थेच्या कामाचा, दुसरा तुमच्या कामाचा. तुमचं मूल आठवीत जाणार आहे, थेट दहावीत नाही.

मधली मुलं कुठं जातात? काही खरंच गाव सोडतात. बाप पुण्याला कंपनीत लागला, आई माहेरी गेली. काही पोरींची लग्नं होतात. कायदा काहीही म्हणो, होतात. पण नववी ते दहावीच्या मधे एकदम १४ मुलं गळाली असतील तर ते आपोआप झालेलं नसतं. आठवीपर्यंत सहसा कोणी नापास होत नाही. नववीला मात्र शाळेच्या हातात चाळणी असते. कच्च्या मुलाला नववीत बसवून ठेवायचं, किंवा बापाला बोलावून सांगायचं की, “याला पास करतो, पण दाखला घेऊन जा.” तिसरी वाट १७ नंबरच्या फॉर्मची. हा फॉर्म भरून मूल बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसतं आणि बोर्ड त्याचा निकाल नियमित मुलांपासून वेगळा मोजतं. तो फॉर्म मुळात शाळा सुटलेल्यांसाठी आहे. वावरात काम करून, वयाच्या पंचविसाव्या वर्षी दहावी झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत; त्यांच्यासाठी ती फार मोठी सोय. पण चौदा-पंधरा वर्षांच्या, कालपर्यंत वर्गात बसणाऱ्या पोराला त्या वाटेला लावणं म्हणजे आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या अंगणात लोटणं. असे दाखले मीही लिहिले. कारणाच्या रकान्यात ‘पालकाच्या विनंतीवरून’ लिहायचं असतं.

म्हणून पहिला प्रश्न हा: तीन वर्षांपूर्वी आठवीला किती होते आणि त्यातले दहावीला किती बसले? नववीत, दहावीत बाहेरून नवी मुलंही येतात, त्यामुळे हिशेब अगदी काटेकोर लागणार नाही. पण ६१ चे ४४ झाले की ५७ झाले, एवढं कळायला काटेकोर हिशेब लागतही नाही.

हा आकडा घ्यायला शाळेत जायचीही गरज नाही. प्रत्येक शाळेला यू-डायस या सरकारी नोंदणीचा अकरा अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं रिपोर्ट कार्ड मोबाइलवर उघडतं आणि त्यात वर्गवार पट असतो. यंदाचा दहावीचा पट, गेल्या वर्षीचा नववीचा, त्याआधीचा आठवीचा, असे तीन आकडे तिरपे वाचायचे. पोराच्या मोबाइलवर दहा मिनिटांचं काम.

त्याच कार्डावर बाकीही बरंच काही असतं, संगणक किती, प्रयोगशाळा आहे का, ग्रंथालयात पुस्तकं किती. तिकडे फार लक्ष देऊ नका. ती माहिती शाळाच भरते. म्हणजे माझ्यासारखा बाबू भरतो, शेवटच्या दिवशी, साइट बंद पडायच्या आत. एका वर्षी मी संगणक दहा लिहिले. सुरू होत होते तीन. प्रयोगशाळा आहे का? होय. होतीच, कुलपात. किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाच्या खिशात. खोटं लिहिलं असं मला तेव्हा वाटलं नाही. वस्तू होत्या ना! फक्त पोरांच्या हाती लागत नव्हत्या. शाळासिद्धी नावाचा जो सरकारी तक्ता होता, सात क्षेत्रं आणि ४६ मानकं, त्यातही पहिलं मूल्यमापन शाळेनं स्वतःचं स्वतःच करायचं असायचं. तो मन लावून भरला तर शाळेला स्वतःचं तोंड आरशात दिसायचं. पण आरशासमोर उभं राहताना सगळेच केस नीट करतात.

आता टक्केवारीचं बोलू.

दहावीच्या बहुतेक विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातात असतात, तोंडी, स्वाध्याय, प्रात्यक्षिक वगैरे. पास व्हायला ३५ लागतात. शाळेनं २० पैकी १८ दिले की लेखीत ८० पैकी १७ पुरतात. हे वीस गुण किती वजनदार आहेत ते बोर्डानं एकदा अख्ख्या राज्याला दाखवून दिलं. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण काढून टाकले, आणि निकाल ७७.१० वर आला. आमचा नागपूर विभाग तर ६७.२७ वर, राज्यात तळाला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल झाला ९५.३०. त्यात बाकी कारणंही होती. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रम नवा होता, २०२० ला लॉकडाउनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. पण एका वर्षात राज्यातली पोरं बिघडली आणि दुसऱ्या वर्षी सुधारली, असं तर नव्हतं. माप बदललं होतं. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के लागला. सगळ्यात मोठं शंभर टक्क्यांचं वर्ष ते, आणि पेपर एकही नाही!

म्हणून वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. एकाच वर्षातल्या, एकाच भागातल्या शाळा ताडा. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा हे अमरावती विभागीय मंडळात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे नागपूरमध्ये. २०२५ लाही नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांवर, राज्यात शेवटी होता. तिथल्या ९१ टक्क्यांच्या शाळेला कोकणातल्या ९८ वाल्या शाळेशेजारी उभं करून हिणवण्यात काही अर्थ नाही.

लहान शाळांचा आणखी एक घोळ असतो. आपल्याकडे दहावीला अठरा-वीस मुलं असलेल्या शाळा पुष्कळ. अठरापैकी एक नापास झाला की निकाल ९४.४४, दोघं झाले की ८८.८९. एका पोराला पेपरच्या दिवशी ताप आला आणि शाळा साडेपाच टक्क्यांनी घसरली. तीनशे पोरं असलेल्या तालुक्याच्या शाळेत तेच पोरगं जेमतेम पाव-अर्धा टक्का हलवतं. त्यामुळे लहान शाळेचा एका वर्षाचा शंभर टक्के पाहून हुरळायचं नाही आणि एका वर्षाचा ८५ पाहून पळायचंही नाही. तीन वर्षांची पोरं एकत्र मोजायची.

आणि पास किती हे विचारून थांबू नका. पंचाहत्तरच्या वर किती, साठच्या वर किती, पंचेचाळीसच्या वर किती, आणि नुसते पस्तिसावर तरलेले किती, हे विचारा. शंभर टक्के निकालात सगळेच बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांवर असू शकतात. कॉपीचं मी इथं बोलत नाही. कोणत्या केंद्रावर काय चालतं ते त्या-त्या गावच्या पानठेल्यावर माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

आता मामेभावाच्या मनात बसलेली दुसरी गोष्ट. त्याला वाटतं, नवोदयसारखी शाळा पाहिजे. कोणाला नको? वर्ध्याला सेलूकाटेला आहे, गडचिरोलीत घोटला आहे. पण नवोदयचा निकाल चांगला लागण्याचं अर्धं काम सहावीच्या आधीच झालेलं असतं. जिल्हाभरातली हजारो मुलं परीक्षा देतात, त्यातली ऐंशी घेतात. निवडून घेतलेलं बियाणं उगवलं तर वावराचं कौतुक किती करायचं आणि बियाण्याचं किती? नवोदय वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या गावचं एक पोरगं तिथं गेलं आणि पार बदलून आलं. म्हणणं एवढंच की, नुसत्या निकालावरून शाळेनं काय केलं ते कळत नाही. त्यासाठी मूल आलं तेव्हा कुठं होतं हे माहीत पाहिजे.

गावच्या अनुदानित शाळेला कोणाला नाही म्हणता येत नाही. येईल त्याला घ्यायचं. आणि येणारी मुलं कशी असतात? मुलांना वाचता-मोजता किती येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातली १४ ते १८ वर्षांची मुलं तपासली होती. चारातल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलं ४३.३ टक्क्यांना. असं मूल आठवीत येतं आणि त्याच्यापुढे बैजिक राशींचं प्रकरण उघडतं. भागाकार येत नसलेल्या पोराला ते किर्तनासारखंच ऐकू येत असणार, आवाज चांगला आणि अर्थ देवाला माहीत.

अशा मुलाला तीन वर्षांत खऱ्या ५५ टक्क्यांपर्यंत आणणारी शाळा माझ्या लेखी ८५ टक्क्यांचं मूल घेऊन ८८ चं करणाऱ्या शाळेपेक्षा चांगली. पण फ्लेक्स दुसऱ्याच शाळेचा लागतो.

हे बाहेरून कसं ओळखायचं? जुलैत जाऊन विचारा की, आठवीत नवीन आलेल्या पोरांची तपासणी केली का? आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडायचेच नाहीत. फळ्यावर चार भागाकार, दोन अपूर्णांक आणि एक परिच्छेद वाचायला. मग ज्यांना येत नाही त्यांना प्रार्थनेच्या आधी अर्धा तास बोलवायचे. चिडवाचिडवी होऊ नये म्हणून दोन हुशार पोरंही मुद्दाम त्यात बसवायचे. दिवाळीपर्यंत हे चालायचं. त्यांचा अभ्यासक्रम दरवर्षी मागं पडायचा आणि संस्थाचालक त्यांच्यावर दरवर्षी नाराज असायचे. ते निवृत्त झाल्यावर तो अर्धा तास बंद झाला. निकालावर त्याचा परिणाम लगेच दिसला नाही. तिसऱ्या वर्षी दिसला.

यातूनच शिक्षकांचा मुद्दा निघतो. शिक्षक किती, हा प्रश्न वाया जातो. गणित कोण शिकवतं, विज्ञान कोण शिकवतं, इंग्रजी कोण शिकवतं आणि किती वर्षांपासून, हे विचारा. खेड्यातल्या शाळेत विज्ञानाचे सर निवृत्त झाले की पद भरायला वर्षं जातात. भरती पवित्र पोर्टलवरून होते, त्याच्या फेऱ्या कधी येतील ते पोर्टलच जाणे. तोवर इतिहासाच्या मॅडम विज्ञान वाचून दाखवतात, नाहीतर तासिका तत्त्वावर एखादा पोरगा येतो. तो दिवाळीपर्यंत टिकतो आणि स्पर्धापरीक्षेच्या क्लासला अमरावतीला निघून जातो. विनाअनुदानित शाळेत तर पगारच इतका थोडा की चांगला मास्तर तिथं दम खायला बसलेला असतो, पुढची गाडी येईपर्यंत. दरवर्षी गणिताचे सर बदलत असतील तर त्या शाळेला स्मार्ट बोर्डही वाचवू शकत नाही.

आता माझी खात्रीची परीक्षा सांगतो. तिला ना पोर्टल लागतं ना कोणाची ओळख. त्या शाळेत नववीत शिकणारं शेजारचं कोणतंही पोरगं पकडा, पहिल्या नंबरचं नको, मधलं, आणि त्याची गणिताची वही मागा.

वही कशी पाहायची? आधी लाल शाई शोधा. शेवटची तारीख कधीची आहे? मग एखादं चुकलेलं गणित शोधा. दोन-चार पानांत सापडतंच. त्या चुकीवर काय आहे? चुकलेल्या गणितावरही बरोबरची खूण असेल, तर सरांनी वही तपासली नाही, नुसती पानं उलटली. फुली असेल आणि पुढे काहीच नसेल, तर सरांनी चूक पाहिली पण पोरानं नाही. चूक कुठल्या पायरीवर झाली तिथं गोल असेल आणि खाली पोरानं तेच गणित परत सोडवलेलं असेल, तर वही बंद करा, चहा घ्या, शाळा चांगली आहे. मराठीचा निबंधही पाहा. वर्गातल्या पाच वह्यांत ‘माझा आवडता ऋतू’ पावसाळाच असेल आणि पाचही निबंधांत मोर एकाच ओळीत नाचत असेल, तर तो निबंध गाइडातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत आलेला आहे. आपल्याकडे जूनमध्ये पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या घरातल्या पोराला पावसाबद्दल स्वतःचं काही सांगायचं नसेल?

विज्ञानासाठी प्रयोगशाळेतलं बेसिन पाहा. कोरडं खडखडीत आणि त्यात जाळं असेल तर प्रात्यक्षिकाचे वीसपैकी एकोणीस गुण कुठून आले ते विचारायची गरज नाही.

शाळा पाहायला कधी जायचं, हेही महत्त्वाचं आहे. उरलेल्या महाराष्ट्रात पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडतात, आमच्याकडे उन्हापायी जूनच्या अखेरीस. त्या पहिल्या आठवड्यात सगळ्याच शाळा नवरीसारख्या दिसतात. खरी शाळा दिसते सोयाबीनच्या सोंगणीत आणि त्याहून जास्त दिवाळीनंतर, कापूस वेचणीला मजूर मिळेनासा होतो तेव्हा. गडचिरोली, गोंदियाकडे मोहफुलांच्या हंगामात. त्या दिवसांत नववीच्या वर्गात किती डोकी असतात ते मोजा. नववीच म्हणतो, कारण खिचडी आणि फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. नववीपासून पुस्तकं विकत, दुपारचा डबा घरचा आणि मुलगा वावरात कामाचा झालेला. कास्तकाराच्या घरात पोरगं एक दिवस वेचायला गेलं तर त्यात पाप नाही. पण सलग आठ दिवस गैरहजर असताना शाळेतून कोणी फोन केला का, मास्तर घरी आले का, परत आल्यावर बुडालेलं कोणी शिकवलं का, हे त्या घरी जाऊन विचारा. हजेरीपटावर विश्वास ठेवू नका. तो कसा भरतात ते मी पाहिलेलं आहे.

पोरीसाठी शाळा पाहत असाल तर दोन गोष्टी आधी पाहा, बाकी सगळं नंतर. एक संडास. आहे का असं विचारू नका, कागदावर सगळीकडे आहे. आत पाणी आहे का, कडी लागते का, आणि कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे मागावी लागते. सरांकडे मागावी लागत असेल तर पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि महिन्यातले चार दिवस घरी राहतात. दुसरी गोष्ट बस. आठवी ते बारावीच्या पोरींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली निळी बस बऱ्याच तालुक्यांत फिरते. ती फाट्यावर किती वाजता येते आणि शाळा किती वाजता सुटते? दहावीचे जादा तास पाचनंतर आणि शेवटची बस पाचला, असं असेल तर ते तास फक्त गावातल्या मुलांसाठी आहेत. बाहेरगावच्या पोरीनं त्यातून काय घ्यावं? ज्या शाळेनं जादा तास बसचं वेळापत्रक पाहून ठेवले, तिच्या हेडमास्तरला पोरी दिसतात असं समजा.

माध्यमाचं थोडक्यात. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची बस दारात येते, टाय असतो, आई-बापाला बरं वाटतं. तिथले शिक्षक वर्गात इंग्रजी बोलतात की इंग्रजी पुस्तक मराठीत समजावून उत्तरं इंग्रजीत पाठ करून घेतात, एवढं पाहा. दुसरं असेल तर पोराला धड दोन्ही येत नाही. गणित-विज्ञान इंग्रजीतून असलेली सेमी पुष्कळांना मानवते, पण आठवीत एकदम उडी मारायला लावू नका. आणि घरी कोलामी, गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या पोरासाठी तर मराठी हीच दुसरी भाषा असते. त्या शाळेत त्याची बोली समजणारा एकतरी मास्तर आहे का? १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. मुलांना मातृभाषेतून आणि हातातल्या कामातून शिकवा, असं तिथं ठरलं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेती आणि सूतकताई आजही अभ्यासाचाच भाग आहे. बाकीच्या विदर्भात पऱ्हाटीच्या वावरातून चालत येणाऱ्या पोराला आपण कापसाचा धडा चित्रावरून शिकवतो.

एक खूण पालकांना सहसा माहीत नसते. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. विनाअनुदानित शाळेच्या मुलांना ती नाही. तेव्हा अनुदानित शाळेला विचारा की, गेल्या वर्षी किती मुलं या परीक्षेला बसवली? किती लागली ते नंतर. आठवीत पन्नास मुलं, त्यातली बहुतेक गरिबाघरची, आणि बसवली चार, तर शाळेला फॉर्म भरायचा कंटाळा आहे. अर्थात तो कंटाळा बाबूचाही असू शकतो.

हे सगळं मी मामेभावाला फोनवर अर्धा तास सांगितलं. तो म्हणाला, “एवढं कोन विचारून रायलं भाऊ, तूच चाल.”

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. त्याच्या गावापासून चार किलोमीटरवरची अनुदानित शाळा. तिघांपैकी हिचाच फ्लेक्स नव्हता. कार्यालयात बसलेला बाबू माझ्या ओळखीचा निघाला; तालुक्याच्या मीटिंगांना आम्ही शेजारी बसून सुपारी कातरलेली. तीन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट मागितला तेव्हा त्यानं चष्म्याच्या वरून पाहिलं. “बाबूजी, रिटायर झाले तं घरी बसा ना बापा. आता लोकायले हेही शिकवून रायले काय?” पण रजिस्टर काढलं.

आठवी ३९, दहावी ३५, पास ३१. म्हणजे बसलेल्यांपैकी ८८.५७. मामेभावाचा चेहरा पडला. दुसऱ्या शाळेचा मास्तर शंभर सांगून गेला होता. मी हेडमास्तरांना चार कमी कसे झाले ते विचारलं. त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं नाही. बोटांवर मोजायला लागले. दोघं बापाच्या बदलीनं वणीला गेले. एक नागपूरला मामाकडे, तिथल्या शाळेत आहे. चौथ्या मुलीचं नाव घेऊन ते जरा थांबले. “तिच्या घरी मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तं घराले कुलूप. वीटभट्टीवर गेले म्हने.” मग दहावीत नापास झालेल्या चौघांची नावं सांगितली. त्यातले तीन जण पुरवणी परीक्षेचा अभ्यास करायला रोज शाळेतच येत होते. मागच्या वर्गात बसलेले दिसलेही.

मामेभाऊ इतका वेळ गप्प होता. त्यानं एकच विचारलं, “सर, जादा तास किती वाजता सुटते? पोरगी एकटी येईन.”

“बस साडेपाचची हाय. तास सव्वापाचले सोडतो. अन् बस लेट झाली तं शिपाई थांबते फाट्यावर.”

त्यानं पिशवीतून दाखला काढला आणि बाबूच्या टेबलावर ठेवला.